पिठाच्या डब्यातला दाखला

मुंबईत आमचे हे रेल्वेत गँगचे मुकादम होते. पंधरा वर्षं रूळ सांभाळले. इस्रायलला, डिमोना गावात आलो आणि तिथल्या सरकारने हातात कुदळ दिली, झाडं लावायला. वाळवंटात! तेव्हापासून त्यांचं बोलणंच कमी झालं.

बासष्टच्या सुमारास कुणीतरी बातमी आणली, की जवळच्या बेर्शेबा शहराच्या पुढची तुर्कांच्या वेळची मोडकी लाईन सरकार परत सुरू करणार आणि आमच्या गावापर्यंत आणणार. झालं! रोज संध्याकाळी हे बसस्टँडवर, लाईनची खबर काढायला. घरी आले की मलाच शिकवणार, स्लीपरखाली खडी कशी ठोकायची ते. मी म्हणायची, "अहो, आधी गाडी येऊ द्या, मग झेंडा दाखवा." तोंड माझं पहिल्यापासून फटकळ.

त्यांचा रेल्वेचा दाखला पिठाच्या डब्यात असायचा, तळाला घातलेल्या कागदाखाली. मुंबईत वाळवीच्या भीतीने तिथे ठेवला, तो इथेही तिथेच राहिला. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

पुढच्या वर्षी आम्हा यहुद्यांचा पेसाहचा सण आला. त्या सणात घरात पिठाचा कण राहिलेला चालत नाही. मी एकटी घर घासतेय आणि हे बाहेर लाईनच्या गप्पा मारतायत! डोकंच फिरलं माझं. डबे उपडे केले, तळाचे कागद तसेच्या तसे गोळा करून दारात पेटवले. आतला जाड कागद वळायला लागला तेव्हा शिक्का दिसला. हात घातला, तो पोळला नुसता.

सण झाला आणि लिश्केतून, म्हणजे कामं देणाऱ्या सरकारी कचेरीतून, बोलावणं आलं. लाईनीसाठी अनुभवी माणसं हवीत, कागद घेऊन या. हे थेट डब्याकडे गेले. तळ दोनदा चाचपला.

"इथेच होता ना गं?"

"छे! बोटीवर तुम्हीच नाही का बाहेर काढलात, ओल लागेल म्हणून?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "असेल, असेल." मुंबईला रेल्वेच्या कचेरीत पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. कारकून म्हणाला, कागद नाही तर मुकादम कसला? पुन्हा कुदळ.

चौसष्टमध्ये गावाबाहेर रूळ पडायला लागले. एका शनिवारी काम बंद असताना हे मला दाखवायला घेऊन गेले. वाकून, एक डोळा मिटून रुळाची रेघ बघितली. म्हणाले, "इथे रूळ जरा खाली बसलाय." पण ऐकायला होतं कोण? मीच.

परत येताना वाटेत थांबले. "माफ कर गं मला," म्हणाले. "एवढासा कागद सांभाळता आला नाही. तुला चार सुखाचे दिवस दिसले असते."

आणि मी मेलीने मोठ्या मनाने म्हटलं, "जाऊ द्या हो. होतं असं माणसाकडून."