घासून गुळगुळीत केलेला जोड

हे मी तीन वर्षे कुणालाही सांगितले नाही. आईला नाही, खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला नाही, आणि, हे जरा विचित्र वाटेल, स्वतःच्या वहीलाही नाही, जिच्यात मी प्रत्येक प्रयोगातली चूक तारखेसह नोंदवते. गेल्या रविवारी ते ज्यांना आधी सांगायला हवे होते त्यांना सांगितले. आज तुम्हाला सांगते आहे.

गोष्ट एका गाडीची आहे. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि वाहनरचनेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करणार होते. अर्जासोबत स्वतः तयार केलेल्या एखाद्या यंत्राची सचित्र फाइल हवी होती. मी ड्रिफ्ट ट्राइक निवडली. तीन चाकांची, जमिनीलगत बसून चालवायची गाडी. पुढे सायकलचे चाक, मागे दोन लहान चाके, आणि त्या मागच्या चाकांच्या रबरावर प्लॅस्टिक पाइपाचे गुळगुळीत कडे चढवलेले. जमिनीवरची पकड मुद्दाम घालवायची, म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग घसरत बाहेर जातो आणि चालवणाऱ्याला ते घसरणे आपल्या ताब्यात ठेवावे लागते. घर्षणावर इतका आनंददायक प्रयोग मला दुसरा सुचला नसता.

डहाणूजवळ चिखल्याच्या आमच्या वाडीत चिकूचे क्रेट ठेवायची एक शेड आहे. तिचा एक कोपरा मी बळकावला. इंजिन मिळाले ते झाडांवर औषध मारायच्या जुन्या पंपाचे. मागच्या चाकांची कडी कापली ती वाडीत पुरायच्या पाइपांमधून. आकडेमोड माझी, आराखडा माझा. फक्त एक गोष्ट मला येत नव्हती. वेल्डिंग.

त्यासाठी नवसूदादा आले. तलासरीच्या अलीकडे त्यांचा पाडा. रस्त्याला लागून पत्र्याच्या आडोशात त्यांचे फॅब्रिकेशनचे काम चाले. तारुण्यात ते सीमेपलीकडे गुजरातेतल्या कारखान्यात हे काम शिकले होते. शाळेचे फाटक, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, लग्नमंडपाच्या कमानी — त्या पट्ट्यात लोखंडाचे जे काही उभे होते त्यातले बरेचसे त्यांच्या हातचे. त्यांची एक सवय होती. जोड थंड झाला की ते त्याच्या शेजारी पोलादी पंच ठोकून एक ठिपका उठवत. नाव नाही, अक्षर नाही, नुसता ठिपका. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "उद्या मोडला तर कुणाचा ते कळायला नको?"

हे वाक्य त्या वेळी मला फार आवडले होते. मी ते वहीत लिहूनही ठेवले.

चार रविवार ते आले. माझ्या आराखड्यातल्या दोन चुका त्यांनी काढल्या, आणि दोन्ही वेळा अशा पद्धतीने, की त्या मला स्वतःलाच सापडल्या असे वाटावे. "ताई, ही नळी इथं येते, मग साखळी कुठून जाणार?" एवढेच विचारायचे. माझे उत्तर येईपर्यंत बिडी ओढायचे. मला एवढ्या संयमाने कुणी शिकवलेले नाही. हे आत्ता लिहिता येते. तेव्हा मान्य केले नसते.

आता जोडाकडे येते. पुढच्या चाकाचा दांडा ज्या नळीत फिरतो ती नळी आणि गाडीचा मुख्य पाइप जिथे भेटतात, त्या जागेला आम्ही मान म्हणत होतो. सगळा भार तिथे येतो. तो जोड करून झाल्यावर नवसूदादांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले होते, "याला ग्राइंडर लावू नका. ही वर आलेली रेघ आहे ना, तीच धरून ठेवते."

मी लावला.

का लावला? कारण फार लहान आहे, आणि त्याच्या लहानपणाचीच मला इतकी वर्षे लाज वाटली. फोटो चांगला येत नव्हता. मानेपाशी गाठ आल्यासारखी दिसायची. परदेशी गाड्यांच्या छायाचित्रांत जोड दिसतच नाहीत, एकच धातू वाकवून केल्यासारखे सगळे अखंड दिसते. मला ते अखंडपण हवे होते. एका दुपारी, शेडमध्ये कुणी नसताना, मी ती रेघ घासून सपाट केली. सपाट करताना थोडी खोलही गेले. ठिपका पुसला गेला. वर पुट्टी भरली, पिवळा रंग मारला. फोटो उत्तम आले.

ताण म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हे सूत्र मला शाळेत असल्यापासून येते. क्षेत्रफळ कमी केले की ताण वाढतो, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज होती का?

चाचणी तलासरीजवळच्या एका बंद गोदामाच्या सिमेंटच्या आवारात ठरली. चालवणार होता माझा चुलतभाऊ केतन. तो माझ्याहून वजनाने जास्त, आणि धाडसाने तर फारच. पहिल्या दोन फेऱ्या अप्रतिम झाल्या. मागची चाके सिमेंटवर शिट्टीसारखा आवाज करत घसरत होती आणि केतन ओरडत होता. तिसऱ्या फेरीत, वळणाच्या मध्यावर, मान तुटली. पुढचे चाक एकीकडे गेले, गाडी नाकावर आपटली आणि केतन खांद्यावर पडला. गळ्याखालचे हासळीचे हाड मोडले. डोके वाचले ते हेल्मेटमुळे.

गोदामाचा राखणदार धावत आला, तुटलेली मान पायाने उलटी केली आणि म्हणाला, "वेल्डिंग काचुं रही गयुं. बीजुं शुं?" म्हणजे, वेल्डिंग कच्चे राहिले, दुसरे काय!

पाहा, खोटे मला बनवावेसुद्धा लागले नाही. ते तयारच समोर ठेवले गेले. मी फक्त होकारार्थी मान हलवली.

डहाणूला दवाखान्यात बाबा आले. नवसूदादाही आले, मोटरसायकल दवाखान्यासमोर रस्त्यातच सोडून. बाबा त्यांना सर्वांसमोर म्हणाले, "नवसू, पोराचा जीव गेला असता. आणि मी नव्या शेडचं काम तुला द्यायला निघालो होतो." नवसूदादा एवढेच म्हणाले, "हो शेठ." मी बाकावर बसले होते. माझ्या हातांना पिवळा रंग लागलेला होता. शेडचे काम दुसऱ्याकडे गेले. बाबांनी चार ठिकाणी कारण सांगितले, आणि त्या चौघांनी आणखी कुठे सांगितले असेल ते मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही. महिन्याभरात त्यांच्या आडोशापाशी नवे काम येईनासे झाले. कुणी तुटलेला तुकडा पाहायला मागितला नाही. वाडीवाल्याची विज्ञान शिकलेली मुलगी आणि पाड्यावरचा वेल्डर, यांत चूक कुणाची हे ठरवायला कुणाला तुकडा लागत नव्हता. आणि मी त्याच सोयीवर टेकून बसले.

तुकडा मी मात्र पाहिला होता. घासलेल्या बाजूला धातू जेमतेम नखाएवढा जाड उरला होता. जिथे ग्राइंडर पोहोचला नव्हता, पाइपाच्या खालच्या बाजूला, तिथे जोड शाबूत होता आणि पाइपच फाटला होता. जोड पाइपापेक्षा मजबूत होता! याहून स्पष्ट पुरावा असू शकत नाही. त्याच आठवड्यात मी तो भंगारवाल्याच्या गाडीत टाकला.

इथे थांबता आले तर बरे झाले असते. पण पुढे फाइल आहे. अपघात झाकण्याऐवजी मी तो फाइलमध्ये घातला, कारण अपयशाचे विश्लेषण केलेले परीक्षकांना आवडते हे मला ठाऊक होते. मी लिहिले: 'स्थानिक कारागिराच्या सदोष वेल्डिंगमुळे सांगाडा निकामी झाला, यातून बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या तपासणीचे महत्त्व शिकले.' मुलाखतीत एका परीक्षकांनी नेमके हेच वाक्य वाचून दाखवले आणि माझ्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले. मी आभार मानले. मला प्रवेश मिळाला.

आणि तरीही — अजून मी मूळ जागी पोहोचलेले नाही. इतके वाचून तुम्हाला वाटेल की गुन्हा अपघातानंतरचा आहे. तसा तो असता तर मी त्याला भीती म्हटले असते.

चाचणीच्या सकाळी नवसूदादा गाडी पाहायला आले होते. रंगवलेली गाडी ते प्रथमच पाहत होते. भोवती एक फेरी मारली, हसले, मग मानेवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. त्यांनी मला विचारले, "ताई, हे घासलं का?"

मी म्हणाले, "नाही. वरून पुट्टी भरली आहे फक्त."

बस्स. एवढेच ते. मी हो म्हणाले असते तर त्यांनी गाडी हलू दिली नसती. तासाभरात पुन्हा जोड दिला असता. पिवळा रंग मानेपाशी जळाला असता आणि केतन आपल्या पायांनी घरी आला असता. मला प्रश्न विचारला गेला होता, सरळ शब्दांत, ज्याला विचारण्याचा पूर्ण अधिकार होता त्या माणसाकडून, आणि मी त्या जळक्या रंगाचा विचार केला.

आता मी एका कंपनीत तुटलेल्या भागांची तपासणी करते. प्रत्येक अहवालात एक रकाना असतो: मूळ कारण. गेल्या महिन्यात एका लहान कारखान्याचा तुटलेला लोखंडी ब्रॅकेट माझ्याकडे आला. दोष कारखान्याचा असे सगळ्यांनी ठरवले होते; जोड नंतर कुणीतरी घासल्याचे मला दोन मिनिटांत दिसले. मी तसे लिहिले, सही केली आणि रकान्याचे ते दोन शब्द पुन्हा वाचले. अनोळखी माणसाला जे दोन मिनिटांत देता आले, ते मी कुणाला तीन वर्षे दिले नव्हते?

रविवारी मी पाड्यावर गेले. नवसूदादा आता पुठ्ठ्याच्या कारखान्यात खोकी भरण्याचे काम करतात. अंगणात बसून मी सगळे सांगितले, मी आत्ता सांगितले त्याच क्रमाने नाही — घासल्यापासून सुरुवात केली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "म्हणजे जोड धरला होता?"

"धरला होता. खालून पाइप फाटला, जोड नाही."

त्यांच्या पत्नी, सखूताई, दारात तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "ऐकलंत? आणि हा माणूस दर रविवारी वेल्डिंगचं मशीन भाड्यानं घेऊन फिरला, ताई. पार तिकडे सायवनपर्यंत. जिथं जिथं याचा ठिपका, तिथं तिथं वरून लोखंडाची पट्टी मारली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणायचा, हात बिघडलाय माझा, कुणाच्या पोराच्या अंगावर पडायला नको."

हे मला माहीत नव्हते. मी कामाची, नावाची, शेडची नुकसानी कल्पिली होती. एका माणसाने स्वतःच्या हातावर विश्वास ठेवणे थांबवले असेल, ही शक्यता माझ्या कुठल्याच आकडेमोडीत नव्हती.

"मी विचारलं होतं तुम्हाला," नवसूदादा म्हणाले. आवाज चढवला नाही. "अंगठ्याला कळलं होतं माझ्या. मग तुम्ही नाही म्हणालात, तर म्हटलं अंगठाच चुकला असेल."

मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते? थोड्या वेळाने ते उठले, शर्ट चढवला. "शेठना सांगा. माझ्यासमोर."

आम्ही चिखल्याला आलो. ओटीवर बाबांना मी उभी राहून सांगितले. नवसूदादाही उभे राहिले, बसा म्हटले तरी बसले नाहीत. बाबांचा चेहरा उतरला. ते नवसूदादांकडे वळून म्हणाले, "क्रेटची शेड वाढवायची आहे. तूच कर."

"आता नको, शेठ," नवसूदादा म्हणाले. "फक्त ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना सांगा."

बाबा दुसऱ्या दिवसापासून सांगत फिरत आहेत. केतनला मी फोन केला. खांदा थंडीत अजून दुखतो त्याचा. ऐकून म्हणाला, "म्हणजे मी तुझ्या फोटोसाठी पडलो? फोटो तरी पाठव, बघू दे कसा आलाय." मग हसला, आणि मग फोन ठेवला, त्यानंतर उचललेला नाही. संस्थेलाही पत्र पाठवले आहे, त्या वाक्याची दुरुस्ती करणारे. त्यांनी पदवीचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे.

मला हलके वाटते आहे. हे लपवले तर पुन्हा एक पुट्टी होईल, म्हणून लिहिते: फार हलके. रविवारपासून मला झोप लागते, जेवण चवीचे लागते, कुणी 'प्रामाणिक' हा शब्द उच्चारला तर मान खाली जात नाही. हे हलकेपण मी कमावलेले नाही. जे वजन मी खाली ठेवले ते मुळात नवसूदादांच्या खांद्यावरून उचलून घ्यायचे होते, तेही तीन वर्षांपूर्वी, एका शब्दात.

त्यांना हलके वाटले का? ओटीवरून उतरताना त्यांनी उजवा अंगठा तर्जनीवर दोनदा घासला, जसा लोखंड तपासताना त्यावरून फिरवत. मी ते पाहिले. विचारले नाही. विचारणारही नाही.