पाण्याचा दोष

उस्तादाच्या दुकानात फेस होत नाही, ही गोष्ट एव्हाना गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनाही कळून चुकली होती. वाटीत साबणाची वडी, वडीवर ओला ब्रश आणि तो गरागरा फिरवणारा उस्ताद. एवढं घुसळून फेस यायचा तो कसा, तर भांडी विसळलेल्या पाण्यावर तरंगतो तसा. गालावर लावेपर्यंत निम्मा विरून जायचा, उरलेला तिथेच वाळायचा आणि वाटीच्या कडेला नासलेल्या दुधासारखे पांढरे कण साचायचे. साबण तोच होता, स्वस्तातला, गोल वडीचा. त्याच्या बापाने तोच वापरला आणि त्यानेही आयुष्यभर त्याच्यावरच दाढ्या केल्या. बदललं होतं ते पाणी. नळाची जुनी लाइन बंद पडली, घरमालकाने इमारतीखाली बोअर मारली आणि तेव्हापासून दुकानात हे जड पाणी यायला लागलं. बादलीच्या बुडाशी पांढरा थर, नळाच्या तोंडाला खडूसारखी कड आणि गिऱ्हाइकांच्या हनुवटीवर कापसाचे बोळे.

निदान उस्ताद तरी बोळ्यांचं खापर पाण्यावरच फोडत होता.

खरी गोष्ट अशी होती की उस्तादाचा उजवा हात थरथरत होता. नुसता मांडीवर ठेवला की शहाण्यासारखा गप्प पडून राहायचा. पण काही उचललं आणि नेम धरून कुठे न्यायची वेळ आली की बोटं आपलं ऐकेनाशी व्हायची. शर्टाचं वरचं बटण लागायचं नाही. कुलपात किल्ली जाताना आधी चार ठिकाणी आपटायची. ब्रशला याचं काही नव्हतं, ब्रश मुळात हलवण्यासाठीच असतो. वस्तऱ्याचं तसं नसतं. दोष पाण्याचा निघाला तर दुकान राहणार होतं आणि हाताचा निघाला तर संपलं, एवढं साधं गणित त्याला कळत होतं. म्हणून तो पाण्याच्या मागे हात धुवून लागला होता.

आणि पाण्याचं हे कारण त्याला पहिल्यांदा सुचवलं ते पोस्टमास्तरांनी. पोस्टमास्तर निवृत्त होऊन जमाना झाला होता, तरी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायची. उस्ताद नवीन नवीन वस्तरा धरायला लागला तेव्हापासून ते त्याच्याच खुर्चीत बसत आलेले. पहिला ओरखडा त्यांच्याच जबड्याखाली उठला. उस्तादाच्या तोंडचा रंग उडाला. त्याच्या हातून मास्तरांना असं कधी झालं नव्हतं. मास्तरांनी आरशात बघितलं, तुरटीचा खडा स्वतःच उचलून लावला आणि म्हणाले, "तुझ्याकडचं पाणी फार जड झालंय रे. फेस धरत नाही, मग वस्तरा ओढतो." उस्तादाला वाटलं, कोणीतरी बुडत्याला वर खेचलं. त्या दिवसापासून तो हेच वाक्य सगळ्यांना ऐकवू लागला, आणि काही दिवसांनी ते आपलंच आहे असं त्याला वाटायला लागलं.

वाक्य अगदीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पाणी खरंच वाईट होतं. माणसाला पूर्ण खोट्याचा फार काळ आधार घेता येत नाही, पण अर्ध्या खऱ्यावर तो वर्ष काढू शकतो.

मग उपाय सुरू झाले. उस्तादाचा मेहुणा गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान चालवायचा. त्याच्याकडे सल्ल्यांची कमतरता कधीच नव्हती, कमतरता होती ती विचारणाऱ्यांची. उस्तादाने विचारलं म्हटल्यावर त्याला उधाण आलं.

"दाजी, पाणी उकळा. उकळून रात्रभर ठेवा. क्षार खाली बसतात, वरचं तेवढं अलगद ओतून घ्या."

उस्तादाने उकळलं. स्टोव्हवर पातेलं चढवलं, सकाळी वरचं पाणी गाळून घेतलं. पातेल्याला आतून पांढरा थर चढला आणि बायकोने नाक मुरडलं. फेस थोडा बरा आला, पण टिकला नाही.

"मग धुण्याचा सोडा टाका चिमूटभर," मेहुणा म्हणाला.

सोड्याने फेस आला खरा, पण गिऱ्हाइकांची तोंडं लाल झाली. एका सराफाची मान तर अशी सुजली की त्याने पुढच्या वेळी दुकानासमोरून जाताना रस्ताच बदलला. मग ग्लिसरीन झालं, मग वडी किसून रात्रभर भिजवणं झालं, मग ब्रश झटकून जवळजवळ कोरडाच साबणावर घासायचा आणि पाणी थेंबाथेंबाने द्यायचं, हेही झालं. शेवटच्या युक्तीने खरोखर फरक पडला. फेस दाट झाला, गालाला चिकटून राहिला. त्या दिवशी उस्ताद शीळ घालत घरी आला. दुसऱ्या दिवशी एका कारकुनाच्या ओठावर वस्तरा घसरला आणि रक्त थांबता थांबेना. कारकून पुन्हा आला नाही.

"फेस दाट होता, पण एकसारखा नव्हता," उस्ताद संध्याकाळी मेहुण्याला म्हणाला.

"असेल," मेहुणा म्हणाला. आणि सल्ल्यांचा तो सागर पहिल्यांदाच आटला. त्याने दाजींच्या हाताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

रस्त्यापलीकडे समोरच नवीन सलून झालं होतं. काचेचं दार, फिरत्या खुर्च्या आणि डब्याचं बटण दाबलं की भसाभसा बाहेर येणारा तयार फेस. उस्ताद त्या सलूनवाल्याला नावाने कधी हाक मारत नसे, 'समोरचा' म्हणायचा. आधी त्या डब्यातल्या फेसाची त्याने यथेच्छ टर उडवली होती. दाढीला लावतात की केकला, असं तो गिऱ्हाइकांना विचारायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. आता तीच गिऱ्हाइकं काचेपलीकडे रांगेत बसलेली दिसायची आणि उस्ताद रिकाम्या खुर्चीवरचं कापड पुन्हा पुन्हा झटकत राहायचा. येत होते ते एकटे पोस्टमास्तर. दर दोन दिवसांनी, ठरलेल्या वेळी, हनुवटीवर आधीचा बोळा वाळलेला असतानाही.

घरी बायको काही विचारत नव्हती आणि त्याला त्याचीच भीती वाटायची. तिने चहाचा कप अर्धाच भरायला सुरुवात केली होती. का, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. अर्धा कप पिऊन झाला की ती न सांगता दुसरा अर्धा ओतायची. एकदा मात्र तो ग्लिसरीनच्या बाटलीशी झटापट करत बसलेला असताना ती म्हणाली, "अहो, पाण्याचं पुरे झालं आता. एकदा डॉक्टरला हात दाखवून या ना."

"हाताला काय धाड भरलीय?" तो ओरडला. "सगळ्या गल्लीला कळतं पाणी खराब आहे, तुलाच तेवढं कळत नाही?"

तो रात्रभर कूस बदलत राहिला. तिच्यावर ओरडल्याचं वाईट वाटलं, पण त्याहून वाईट हे वाटलं की बाटलीचं झाकण शेवटी तिनेच उघडून दिलं होतं.

दुकानाचे रुमाल बायको दुकानामागच्या बोळात धुवायची. शेजारच्या बँकेच्या एसीचा पाइप तिथेच भिंतीतून बाहेर आलेला होता आणि त्यातून दिवसभर पाणी ठिबकायचं. चिखल होऊ नये म्हणून कोणीतरी खाली बादली ठेवलेली. एके दिवशी बोअरचा पंप बंद पडला म्हणून तिने त्या बादलीतलं पाणी घेतलं आणि रुमालांना साबण लावला. त्या पाण्यात क्षार नव्हतेच, फेस कोपरापर्यंत चढला. रुमाल चार पाण्यातून काढले तरी साबण निघेना.

ती बराच वेळ त्या फेसाकडे बघत उभी राहिली. तिला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. हे पाणी त्याला दिलं तर काय होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तो रोज थोडा थोडा खचत चालला होता आणि ते बघणं तिला सोसत नव्हतं. एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे, असं म्हणून तिने बादली फडक्यातून गाळली, पाणी कळशीत भरलं आणि दुकानात नेऊन ठेवलं.

"हे बघा लावून," एवढंच म्हणाली आणि घरी निघून गेली.

उस्तादाने ब्रश भिजवला, झटकला, वडीवर फिरवला. वाटीत फेस वर यायला लागला. आधी बुडबुडे, मग बुडबुडे मोडून साय, मग साय घट्ट होऊन तिच्यात ब्रशच्या खुणा उमटायला लागल्या. त्याने ब्रश उचलला तर फेसाचं टोक उभं राहिलं आणि पडलं नाही. एवढ्या वर्षांत, नळाच्या चांगल्या पाण्यातही, या वडीला असा फेस कधी आला नव्हता. कडेला एकही पांढरा कण नव्हता.

ज्याच्यासाठी वर्षभर जिवाचं रान केलं ते समोर वाटीत उभं होतं, आणि आता कारण सांगायला काही उरलं नव्हतं. वाटी मोरीत उपडी करावी आणि कळशी लवंडली म्हणून सांगावं, असं त्याच्या मनात आलं. त्याने वाटी उचललीसुद्धा. तेवढ्यात पोस्टमास्तर पायरी चढून आत आले.

"वा," वाटीकडे बघून ते म्हणाले. "आज काय केलंस तरी काय?"

"पाणी मिळालं मास्तर. चांगलं."

मास्तर क्षणभर थांबले. मग नेहमीसारखे खुर्चीत बसले, डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. उस्तादाने फेस लावला. गाल, हनुवटी, ओठांच्या वर, गळ्यापर्यंत. लावून झाला तरी ब्रश फिरवतच राहिला. पुसून परत लावला. फेस लावण्यापुरतीच दाढी असती तर त्याच्यासारखा कारागीर त्या गावात दुसरा नव्हता. पण ब्रश कधीतरी खाली ठेवावा लागतोच.

"कर आता," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

उस्तादाने वस्तरा घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. उजवा गाल पार पडला. त्याने श्वास सोडला, वस्तरा पुसला, आणि क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपण उगाचच घाबरलो. मग त्याने जबड्याच्या कडेवरून वस्तरा गळ्याकडे उतरवला आणि हात उडाला.

पातळ फेसात रक्त वाहून जायचं, ओघळ दिसायचा नाही. या फेसात ते जागच्या जागी लाल झालं आणि हळूहळू पसरत गेलं. उस्ताद बघत उभा राहिला. मास्तरांनी डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "हे पाणी..." आणि तिथेच थांबले. वाटीत फेसाचं टोक अजून उभं होतं.

उस्तादाने वस्तरा खाली ठेवला. तुरटी मास्तरांच्या हातात दिली, कारण ती लावण्याचाही त्याला धीर नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"अरे, जन्मभर तुझा हात माझ्या गळ्यावरून फिरतोय. तो बदलला तर मला नाही कळणार?"

"मग पाण्याचं कशाला काढलंत?"

"तुझा चेहरा बघवला नाही त्या दिवशी. तेव्हा तोंडात आलं ते बोललो." मास्तर तुरटी दाबून धरत म्हणाले. "तू ते एवढं धरून बसशील असं वाटलं नव्हतं. आणि नंतर मागे घेता आलं नाही."

"आणि तुम्ही येत राहिलात. कापून घ्यायला."

"रक्त थोडंसंच यायचं रे."

उस्तादाला हुंदका आला. तो त्याने मोरीकडे तोंड करून गिळला. मास्तर उठायला लागले. राहिलेली अर्धी घरी करतो म्हणाले, तू बस जरा, पाणी पी.

"नाही," उस्ताद म्हणाला. "माझ्या दुकानातून अर्ध्या दाढीने कोणी गेलेलं नाही."

त्याने मास्तरांच्या मानेभोवतीचं कापड नीट केलं, त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना पायऱ्या उतरवून रस्त्यावर आणलं. एका गालावर फेस, एक गाल कोरा, जबड्याखाली लाल. रिक्षावाले थांबून बघायला लागले. बँकेच्या दारातला शिपाई बघायला लागला. उस्ताद कोणाकडे न बघता रस्ता ओलांडून पलीकडे गेला, जिथे तो सलून उघडल्यापासून एकदाही गेला नव्हता, आणि काचेचं दार त्याने खांद्याने ढकललं.

आत त्याचीच गिऱ्हाइकं बसली होती. सराफ होता, कारकूनही होता. समोरचा कैची हातात धरून वळला. पोरगा वाईट नव्हता, घाईने पुढे आला.

"काय झालं काका? परत पाण्याचा त्रास का?"

"पाणी चांगलं आहे," उस्ताद म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "माझा हात गेलाय. मास्तरांची राहिलेली तेवढी करून दे."

कोणीतरी खुर्ची रिकामी केली. मास्तर बसले. भिंतीलगतच्या बाकावर कारकुनाने सरकून जागा दिली आणि उस्ताद गिऱ्हाइकांच्या रांगेत बसला. मांडीवर ठेवलेला त्याचा हात अगदी शांत होता. दुसऱ्याचा वस्तरा मास्तरांच्या गळ्यावरून कुठेही न अडखळता सरळ खाली येताना तो बघत राहिला.