पाच ठिपक्यांचा पुरावा

माझं दुकान बंद झाल्याची बातमी मला मेतकूट चाळताना मिळाली. पिठाच्या हातानं फोन उचलायचा नाही हा माझाच नियम, पण तो सारखा वाजत होता म्हणून करंगळीनं उघडला. ज्या साइटवर मी चार वर्षं मेतकूट, डांगराचं पीठ आणि रसवांगीची, म्हणजे आमच्याकडच्या वांग्याच्या रश्श्याची, पूड विकत होते, तिथून इंग्रजीत पत्र आलं होतं. एका कंपनीची तक्रार होती की माझ्या पाकिटावरची खूण तिच्या नोंदलेल्या ट्रेडमार्कची नक्कल आहे. माझा सगळा माल साइटवरून उतरवला होता. दहा दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर दुकान कायमचं बंद होणार होतं.

दुकान म्हणजे तरी काय, कुंभकोणममधल्या आमच्या तळमजल्यावरची मागची खोली, दळणाचं एक यंत्र, एक लोखंडी कढई आणि आम्ही तिघी. मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली. दुसरी माझी आत्या, ऐंशी ओलांडलेली, जिच्या हातच्या कृतीवर हे सगळं उभं होतं. तिसरी अक्का. ती रोज तिरुनागेश्वरमहून बसनं यायची आणि भाजणं, दळणं, पाकिटं भरणं सगळं करायची. आत्याला ती पेरियम्मा, म्हणजे थोरली आई, म्हणायची. नवरा गेल्यापासून तिचं घर याच खोलीवर चाललं होतं. दुकान गेलं तर मला पेन्शन होती, आत्याला मी होते. अक्काला दुसरं काहीच नव्हतं. त्या दहा दिवसांचं खरं संकट तिचं होतं आणि ते मला पत्र वाचतानाच कळलं होतं.

खूण साधी होती. चार बोटांचे चार पांढरे ठिपके एका ओळीत, आणि त्यांच्याखाली अंगठ्याचा एक लाल. लहानपणापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी ती पाहत आले होते. आत्या सोवळ्यात पीठ करायची, डबा भरायची, मग विड्याच्या चुन्यात चार बोटं बुडवून डब्यावर टेकवायची आणि अंगठ्यानं कुंकू लावायची. या डब्यांना आंघोळ केल्याशिवाय, ओलेत्याशिवाय कोणी शिवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. धंदा सुरू करताना छापखान्याच्या माणसानं विचारलं, चित्र काय टाकायचं, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. दिसायला गोड होती. अर्थाचा विचार मी केला नाही.

तक्रार करणारी कंपनी दूरच्या शहरातली, लोणची-मसाले विकणारी. तिच्या बाटलीचं चित्र पत्राला जोडलं होतं. तेच चार पांढरे, खाली एक लाल. पत्रात लिहिलं होतं की मी लोकांना फसवण्याच्या हेतूनं नक्कल केली. ते वाचून माझं डोकं असं फिरलं की चाळण तशीच टाकून मी उत्तर लिहायला बसले. मी चोर? चोराच्या उलट्या बोंबा!

आता आम्हा तंजावरकडच्या मराठी माणसांना एक खोड आहे. कोणी नुसतं विचारलं की आमटीत चिंच किती घालता, तरी आम्ही राजाच्या मुदपाकखान्यापासून सुरुवात करतो. मीही तेच केलं. ही खूण आमच्या घराण्यात तीनशे वर्षं आहे, आमचे पूर्वज राजांबरोबर आले, त्या कंपनीच्या पणजोबांचाही तेव्हा पत्ता नव्हता, असं दोन पानं ठणकावून लिहिलं आणि पाठवून दिलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी साइटचं उत्तर आलं. अतिशय नम्र होतं. तीनशे वर्षांच्या वापराची कागदपत्रं कृपया जोडावीत.

मी आत्याला विचारलं, एखादा जुना डबा असेल का गं, खूण असलेला? मला वेड लागलं असावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"डबा रिकामा झाला कीं धुवायचा, पुसायचा. मग दुजें पीठ, दुजी खूण. शिळी खूण कोण ठेवील, सांग मज?"

खरंच होतं. ती खूण पुसण्यासाठीच असायची. तीनशे वर्षं आमच्या बायकांनी ती इमानेइतबारे लावली आणि तितक्याच इमानेइतबारे घासून काढली. आमच्यासारखा पुरावा नष्ट करणारा समाज शोधून सापडणार नाही. मी लग्नांचे आल्बम काढले. फोटोत माणसं होती, हार होते, डबे कुठून असणार? एका फोटोत नवरीच्या मागे डब्याचा कोपरा होता, पण नेमका खुणेवर केळीचा खांब आला होता. पुण्यातल्या चुलतबहिणीला फोन केला. तिला माझं जुनाट मराठी ऐकून नेहमीच हसू येतं, त्या दिवशीही आलं. फोटो नव्हताच.

शेवटी तळ्याजवळच्या एका वकिलांकडे गेले. वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी माझी दोन पानं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राजाला राहू द्या, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले, "राजा साक्षीला यायचा नाही."

मग त्यांनी मला नीट समजावलं. कंपनी अकरा वर्षांपूर्वीपासून ती खूण वापरते. त्याच्या आधी आम्ही ती विकायच्या मालावर वापरत होतो, एवढं दाखवलं की पुरे. तीनशे वर्षं नकोत, बारा पुरतात. आत्या पूर्वी ओळखीच्या घरांना, लग्नाकार्यांना मेतकूट विकत द्यायचीच, तेव्हा ते जमण्यासारखं होतं. पण सांगणारं माणूस घरातलं नको, बाहेरचं हवं, आणि दिवस नक्की सांगता येईल असं काहीतरी हवं.

मी ज्यांना ज्यांना आत्या डबे द्यायची त्यांच्या घरी फिरले. तिरुवलंचुळीला एका गुरुजींच्या घरी गेले, तिथल्या म्हाताऱ्या बाईंना आत्याच्या मेतकुटाची चव अजून आठवत होती. वास आठवत होता, डब्याचं झाकण घट्ट बसायचं तेही आठवत होतं. ठिपके? असतील बाई, लक्ष कोणाचं असतं. पापनाशम्‌च्या एका घरी तर मला कॉफी पाजली आणि उलट विचारलं, कसले ठिपके? सगळीकडे हेच. ज्यांच्यासाठी डबा उघडा होता, त्यांनी खुणेकडे कधी पाहिलंच नव्हतं.

सहावा दिवस संपत आला होता. मी मागच्या खोलीत येऊन बसले आणि अक्काला सांगितलं की जमणार नाही असं दिसतंय. काय जमणार नाही ते तिला आजवर मी नीट सांगितलंही नव्हतं, उगाच घोर नको म्हणून. आता सगळं सांगितलं. ती उडदाची डाळ भाजत होती. उलथनं न थांबवता तिनं विचारलं, "ती खूण पूर्वीपासून होती एवढंच सांगायचंय? मी सांगते की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीस वर्षं जी बाई घरात येत होती, तिला विचारावं हे मला सुचलं नव्हतं. का सुचलं नाही, हे दुसऱ्या दिवशी वकिलांच्या टेबलासमोर कळलं.

वकील विचारत होते, ती तमिळमध्ये सांगत होती, आणि त्यांचा टायपिस्ट उतरवून घेत होता.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली, "पण कामावर आले त्या दिवशी पेरियम्मांनी मला ही खूण दाखवली. पाच ठिपके दिसले की हात मागे. धान्य निवडायचं, वाळवायचं, भांडी घासायची. भाजून झालं की त्याला शिवायचं नाही. मी आयुष्यात वाचायला शिकले ते तेवढंच."

वकिलांनी विचारलं, एखादा दिवस आठवतो का, नक्की कधीचा ते सांगता येईल असा?

आठवतो म्हणाली. कार्तिकातला, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्यातला, दिवस होता. एका लग्नाचे आठ डबे भरून, खुणा करून त्या वाळायला मागच्या अंगणात उन्हात ठेवले होते. घरातले सगळे देवळात गेले होते. ती एकटी भांडी घासत होती आणि पाऊस आला. डबे उचलून आत ठेवायला दोन मिनिटं लागली असती. पण खूण होती. म्हणून तिनं ताडपत्री घेतली, दोन्ही हात वर करून ती डब्यांवर धरली आणि घरचे परत येईपर्यंत तशीच उभी राहिली. ताडपत्रीही डब्याला लागू दिली नाही.

"किती वेळ?"

"तासभर असेल. सातवा महिना होता मला. चार दिवसांनी मुलगी झाली, दिवस भरायच्या आधीच. लवकर आली, पण चांगली निघाली." ती हसली. "तिच्या जन्माचा दाखला आहे घरी. चालेल?"

वकिलांचा चेहरा उजळला. चालेल म्हणजे काय, त्यांना हवं होतं ते हेच. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे, पापनाशम्‌च्या एका दवाखान्यात रक्त तपासते. तिनं तिथूनच दाखल्याचा फोटो फोनवर पाठवला. अक्कानं निवेदनाखाली अंगठा उठवला आणि बोट डोक्याला पुसलं.

मला ती गोष्ट ठाऊक होती. म्हणजे अर्धी ठाऊक होती. त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा आत्यानं सगळ्यांना ती कौतुकानं सांगितली होती. पोर शहाणी आहे, भिजली पण डब्यांना शिवली नाही. तिला नवी साडीही दिली होती. आमच्या घरात ही गोष्ट डबे वाचल्याची होती. तिचा सातवा महिना त्यात नव्हता, आणि मुलगी लवकर झाली तेही कोणी त्याला जोडलं नव्हतं. वकिलांच्या ऑफिसातून बसस्टँडपर्यंत मी तिच्या मागून चालत राहिले. मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज याची वाटत होती की आमचं दुकान तिच्या त्याच तासानं वाचणार होतं.

आणि वाचलं. वकिलांनी एक पानाचं उत्तर लिहिलं, राजाशिवाय. कंपनीनं पंधरवड्यात तक्रार मागे घेतली. त्यांच्या वकिलानं फोनवर मोकळेपणानं सांगितलं की मालकांच्या आजीच्या डब्यावर अशीच खूण होती, त्यावरून त्यांनी घेतली. आत्याला ते कळलं तेव्हा तिला जरासुद्धा राग आला नाही. "सगळ्या घरीं होती ती. आपुली एकट्याची कुठें होती?" म्हणाली. माल पुन्हा साइटवर चढला.

चार दिवसांनी छापखान्यातून फोन आला, लेबलं संपत आलीत, तीच छापू का? मी थांबा म्हटलं. माझं ठरलं होतं. संध्याकाळी पाकिटं भरताना मी अक्काला सांगितलं की ही खूण आता काढून टाकू. दुसरं काहीतरी घालू, कढई घालू, तुळस घालू. आत्या दारात खुर्चीवर बसली होती. चार वर्षांपूर्वी मनगट मोडल्यापासून ती तिथूनच बघायची आणि "आणिक लाल, आणिक थोडें" सांगायची. उलथनं तिच्या हातून अक्काच्या हातात कसं गेलं, यावर घरात कधी चर्चा झाली नव्हती. धंदा होता, हात नव्हते, अक्कानं भाजायला घेतलं. आत्यानं तेवढं मानलं. पाणी मात्र ती अजूनही माझ्याच हातचं प्यायची.

अक्का पाकिटाचं तोंड बंद करत होती.

"खूण राहू द्या," ती म्हणाली. "लोक ओळखतात. कशाला बदलायची?" मग पाकिटाकडेच बघत म्हणाली, "फक्त पेरियम्मांना एकदा विचारा, अम्मा. आता मी शिवलेलं चालतं ना? चार वर्षं मी घरून आंघोळ करून येते, इथं मागच्या नळावर पुन्हा करते. पण चालतं असं मला कोणी सांगितलेलं नाही."

मी तिला नळावर आंघोळ करताना रोज पाहत होते. उकाडा फार, म्हणून करत असेल, असं मला वाटायचं.

अक्काला आमची मराठी समजते, बोलत ती नाही. आत्यालाही तिची तमिळ समजली होती, विचारायला मध्ये माझी गरज नव्हती. मला वाटलं आत्या उठून आत जाणार. तिनं खुर्चीचा हात धरलाही होता.

"घसा सुकला गे," ती म्हणाली.

मी सवयीनं उठले. आत्यानं मोडलेल्या मनगटाचा हात वर करून मला थांबवलं.

"तूं बैस," ती मला म्हणाली, आणि अक्काकडे पाहिलं. "तूं आण. आंतून, माझ्या तांब्यांतून."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी होकाराची मान हलवली. तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि ती मागच्या नळाकडे निघाली.

"नळावर नको," आत्या म्हणाली. "अशीच जा."