मागच्या सीटखालचा आवाज

गाडी दुरुस्त झाली की निघून जाते. तिच्यासोबत आलेलं बोलणं मात्र गॅरेजातच पडून राहतं. जुने प्लग, फाटके पाइप भंगारवाला उचलतो. हे बोलणं कोणी नेत नाही. अंबडच्या आमच्या गॅरेजात वीस वर्षांचं साठलंय. मी चौथी शिकलेली. मला सजवून सांगता येत नाही, घडलं तसं सांगते.

*

आमचे मिस्त्री, म्हणजे माझे घरधनी, गाडीचं दुखणं कानाने ओळखायचे. एकदा एक डॉक्टर आले. गाडी जुनी, चढाला ओढत नव्हती. तीन ठिकाणी प्लग बदलून झालेले. मिस्त्रींनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. मागच्या सीटवर आडवे झाले, सीटला कान लावला आणि मला म्हणाले, "चावी फिरव. स्टार्ट नको करू."

त्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलणारा पंप मागच्या सीटखाली, टाकीत असतो. चावी फिरवली की दोन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. ऐकायचं ते तेवढंच.

"पंप थकलाय," मिस्त्री उठून म्हणाले. "सपाटीला पुरतो, चढाला नाही."

"एकदा मशीन लावून खात्री करा की," डॉक्टर म्हणाले.

"मशीन कान नसलेल्यांसाठी, साहेब!"

पंप बदलला, गाडी पळाली. ते वाक्य मिस्त्रींनी पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं. मीही दर वेळी हसायचे.

*

इगतपुरीचे एक रेल्वेवाले भर पावसाळ्यात गाडी ओढून घेऊन आले. "पेट्रोलमध्ये भेसळ आहे! मी तक्रार करणार!"

मिस्त्रींनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली फळीवर ठेवली. थोड्या वेळाने खाली पाणी बसलं, वर पेट्रोल तरंगलं.

"बघा! म्हणलो नव्हतो?"

मी गाडीमागे गेले. टाकीचं झाकण कधीच हरवलेलं. त्या जागी दुधाची पिशवी, वर रबर बँड. आणि पिशवीला भोक!

"साहेब," मी म्हटलं, "तक्रार लिहा. पण आधी पिशवीचं नाव लिहा."

*

मग ती गोष्ट झाली, जिला आम्ही दोघंही अजून हसलो नाही.

एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची गाडी आली. उड्डाणपुलावर झटके खायची. मिस्त्री मागच्या सीटवर आडवे झाले. मी चावी फिरवली. पुन्हा फिरवायला लावली, पुन्हा फिरवली.

"पंप मेलाय. आवाजच नाही."

मला पुढच्या सीटवर आवाज आला होता. चांगला, भरलेला आवाज. दोन्ही वेळा. गिऱ्हाइकासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प बसले. एरवी माझी जीभ नळासारखी वाहते, त्या दिवशीच काय झालं कोण जाणे.

पंप नवीन टाकला. बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या, झटके तसेच. फिल्टर गाळाने तुंबला होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "चुकतो माणूस, मिस्त्री." त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी मिस्त्रींच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग खांद्याला हात लावला, तेव्हा ते वळले.

*

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. "वीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडा. अजून कमी होत जाईल." कानात घालायचं मशीन दिलं. मिस्त्रींनी ते डबीत ठेवलं आणि डबी पान्यांच्या कप्प्यात टाकली.

"लावा ना," मी म्हटलं.

"मशीन लावलेला मिस्त्री बघून कोण गाडी देईल? मी सगळ्यांना काय सांगत आलोय, आठवतं ना?"

आठवत होतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवर मी आडवी व्हायला लागले. पंप नीट असला तर मिस्त्रींच्या दंडाला एकदा बोट लावायचं, थकलेला असला तर दोनदा, बंद असला तर तीनदा.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, उतरा की! बसायची हौस असेल तर नंतर चक्कर मारून आणतो."

"हौस नाही. तपासणी चालूय," मी म्हटलं. "तोंड बंद ठेवा, आवाज ऐकू येत नाही!"

*

सायखेड्याचे एक अण्णा आले. गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. उभी असताना छान चालायची, चढावर जोर दिला की दम तोडायची. मी सवयीने मागचं दार उघडलं.

मिस्त्री म्हणाले, "उतर. हिच्यात तो पंप नाही."

खरंच. इतक्या जुन्या गाडीत इंजिनाजवळचाच पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. सीटखाली ऐकायला काहीच नाही. माझं बोट बेकार झालं.

अण्णांची नजर तीक्ष्ण. "मिस्त्री, खरं सांगा. तुम्हाला ऐकू येत नाय ना? लय लोक बोलतात, बाई ऐकती अन् मिस्त्री सांगतो. तसं असंल तर गाडी दुसरीकडं नेतो. राग नाय."

माझ्या तोंडात शिवी आली होती. मिस्त्रींनी अण्णांच्या ओठांकडे पाहिलं आणि ते गाडीखाली सरकले. आतून मला हाताने खूण केली: रेस दे.

मी उघड्या दारातून वाकून हातानेच रेस दिली. मिस्त्री टाकीकडून येणारा रबरी पाइप दोन बोटांत धरून पडले होते, वैद्य नाडी धरतो तसे. डोळे मिटलेले. "अजून!" मी अजून दिली. इंजिन अडखळलं.

"अण्णा, खाली या. धरा हा पाइप."

अण्णा धोतर सावरत आडवे झाले. मी पुन्हा रेस दिली.

"जोर दिला की चपटा होतोय ना? आतून मऊ पडलाय. श्वास जोरात ओढला की नाकपुडी मिटते, तसा."

अण्णांनी पाइप दोन बोटांत धरला. "होतोय," ते म्हणाले.

पाइप बदलला. अण्णांनी गाडी पुलावर नेऊन आणली, दारात चालूच उभी ठेवली आणि बॉनेटपाशी आले.

"मिस्त्री, आवाज कसा वाटतो आता?"

मिस्त्रींची नजर अण्णांच्या ओठांवर होती. मी त्यांच्या दंडाकडे बोट नेलं. त्यांचा तळवा आधीच बॉनेटवर टेकलेला होता, इंजिनाची थरथर घेत.

"हात खाली घे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "गोड चाललीय."