रत्नमालेचा लांब सूर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि ज्या संपादकानं माझं लिखाण छापलं त्यालाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय. का? त्याचं कारण शोधायला गेलो की मला त्या कारणाचाच संशय येतो. कबुली दिली म्हणजे लोक म्हणतील, बघा किती मोठ्या मनाचा माणूस — असं तर मला हवं नाही ना? असेलही. माझं मन असंच आहे, ते मलासुद्धा सोडत नाही.

सत्तरच्या दशकात मी पलूसच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. शिवाय सांगलीतून निघणाऱ्या एका साप्ताहिकात नव्या गाण्यांवर लिहायचो, ‘कानसेन’ या नावानं. नवी तबकडी बाजारात आली की ती ऐकायची आणि चार परिच्छेदांत बरंवाईट सांगायचं. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत ते सदर वाचलं जाई. का वाचलं जाई, हे मला नीट ठाऊक होतं. मी कुणाला सहसा चांगलं म्हणत नसे.

त्या काळात गाणी बदलत होती. मराठी गाण्यात गिटार शिरली होती, बोंगो शिरला होता. स्कूटरवर बसलेल्या पोरीवर गाणं निघालं आणि कॉलेजची पोरं ते गल्लोगल्ली म्हणत सुटली. मी लिहिलं, स्कूटर छान चालते, चाल मात्र कुठूनतरी ढकलत आणलेली दिसते. एका नावाजलेल्या गायकाच्या भावगीताबद्दल लिहिलं, आवाजात विरह कमी आणि पडसं जास्त. प्रत्येक नव्या चालीमागं मला एखादी जुनी चोरलेली चाल दिसायची. दुकानदारानं चहा पाजला तर वाटायचं, या तबकडीत काहीतरी खोट आहे म्हणूनच पाजतोय. लोक हसायचे, वाचायचे. आणि मला वाटायचं, आपल्याला कुणी फसवू शकत नाही. केवढी ती घमेंड!

माझ्याकडं स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर नव्हता. पलूसमध्ये दस्तगीर नावाचा स्पीकरवाला होता. लग्नाला, जत्रेला कर्णे लावायचा. त्याच्या दुकानात तबकड्या वाजवायचा एक जुना चेंजर होता, त्यावर मी नव्या तबकड्या ऐकायचो. आता इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात संध्याकाळी उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. विहिरीविहिरीवरच्या, नदीकाठच्या. मग गावातल्या विजेचा दाब पडायचा. दिवे लाल व्हायचे आणि दस्तगीरचा चेंजर दमायचा. तबकडी हळू फिरायची, मधेच जरा वेग घ्यायची, पुन्हा हळू. गाणाऱ्याचा आवाज जड व्हायचा, लांब सूर असला तर हेलकावे खायचा. चांगल्या चांगल्या गायिका संध्याकाळी पलूसमध्ये घसा बसल्यासारख्या वाटायच्या.

हे मी सुरुवातीलाच ओळखलं होतं. म्हणून माझा एक नियम होता, नवी तबकडी सकाळी ऐकायची. शाळेला जाण्याआधी, मोटारी बंद असताना. संध्याकाळी ऐकलेल्यावर एक शब्द लिहायचा नाही. हा नियम मी स्वतः केला होता आणि पाळत होतो. एवढं लक्षात ठेवा.

आमच्या शाळेत सुदाम म्हणून एक तरुण शिक्षक आला. विज्ञान शिकवायचा. उंब्रजचा. घराणं बौद्ध — त्याच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याची थोरली बहीण रत्नमाला. तिचा नवरा लष्करात, ती मुलांना घेऊन उंब्रजलाच राहायची आणि आसपासच्या गावांत जयंतीला गायची. मी तिला एकदा ऐकलं होतं, उघड्यावर, कर्ण्यातून. आवाज मोठा होता एवढंच तेव्हा मनात राहिलं.

एके दिवशी सुदाम शाळेत आला तो हातात छोटी तबकडी आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. ताईची रेकॉर्ड निघाली होती. मुंबईच्या कंपनीनं काढली होती, चार गाणी. शेतातली, जात्यावरची धाटणी, पण पाठीमागं गिटार आणि अकॉर्डियन. नव्या तऱ्हेचं काहीतरी. कंपनीवाले म्हणाले होते, ही आपल्या मुलखात खपली तर दुसरी काढू, मोठी. सुदामनं तबकडी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “सर, चांगलं लिवा आसं म्हणत न्हाई. पर ऐका. ताईची लय इच्छा हाय तुमी ऐकावं म्हणून.”

मी दोन पेढे खाल्ले. आणि मग मनात आलं, पेढे कशाला?

त्या पेढ्यांपासून सुरू झालं. उंब्रजच्या बाईला मुंबईची कंपनी बोलावते कशी? कुणी नाव सुचवलं? कुणाची चिठ्ठी गेली? शिक्षकांच्या खोलीत आधीच कुजबुज होती — ‘त्यांना’ आता सगळीकडं पुढं करतात म्हणून. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, हे कुणी बोलायचं नाही, सगळ्यांना कळायचं. मी त्या कुजबुजीत बोलायचो नाही. मी वर्गात समतेवर निबंध घालायचो. सुदामच्या खोलीवर चहा प्यायचो, आणि आपण पितो हे चार लोकांना दिसेल असा प्यायचो. पण ती कुजबुज माझ्या आत पक्की बसली होती. ते मी आज कबूल करतो. आणखी एक सांगू? त्याच कंपनीला मी माझी गीतं पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं नव्हतं.

सुदामला ताईला लवकर कळवायची घाई होती, म्हणून नियम मोडून त्याच संध्याकाळी मी एकटाच दस्तगीरकडं गेलो. दिवा लाल होता. तबकडी लावली. दुसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक लांब सूर होता. तो लागला आणि डगमगला. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला — आनंद. वाटलं, धरलं!

मग सदर आलं. त्यात मी लिहिलं की गायिकेचा आवाज जड आणि थकलेला आहे, लांब सुरावर तो डगमगतो, गिटारीच्या आड लपून तो सावरत नाही. आणि शेवटी एक वाक्य टाकलं, जे पुढं सांगलीत पुष्कळांच्या तोंडी झालं — शिफारशीनं तबकडी निघते, सूर शिफारशीनं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली बिचाऱ्याची. विजेचा घोटाळा, संध्याकाळची वेळ, नियम मोडला, झालं. मीसुद्धा कितीतरी वर्षं स्वतःला असंच सांगत आलो. म्हणून तर हा मजकूर मी इथवर असा रचत आणला — बघा, अजूनही लबाडी सुटत नाही.

चूक झाली नाही. त्या संध्याकाळनंतरच्या सकाळी मी पुन्हा दस्तगीरकडं गेलो होतो. सवयीनं म्हणा, नाहीतर मनात टोचत होतं म्हणा. मोटारी बंद होत्या. तबकडी लावली. तो लांब सूर आला आणि सरळ गेला. कुठंही न हलता, अंगणातून ओढ्यापर्यंत हाक जावी तसा गेला, आणि जिथं संपायला हवा तिथं अलगद संपला. मागची गिटार त्याच्यापुढं पोरकट वाटत होती. दस्तगीर काम थांबवून ऐकत होता. म्हणाला, “सर, ही बाई कुठली वो? लय झ्याक म्हणती.” मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा सरळ. अंगावर काटा आला माझ्या.

आणि मग मी शाळेत गेलो, मोकळ्या तासाला बसलो आणि वर सांगितलं ते लिहिलं. सकाळी ऐकल्यानंतर लिहिलं. प्रत्येक शब्द संध्याकाळच्या ऐकण्याला धरून खरा होता, म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर मी खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. एवढी काळजी घेतली होती मी. ज्याला दुसऱ्याच्या लबाडीचा वास चटकन येतो त्याला स्वतःची लबाडी किती बेमालूम करता येते!

सांगलीचा तबकड्यांचा मोठा दुकानदार माझं सदर वाचून माल मागवायचा. त्यानं ही तबकडी मागवली नाही. कराडच्यानं सांगलीकडं बघून मागवली नाही. आपल्याच मुलखात खपली नाही म्हटल्यावर कंपनीनं दुसरीचं नाव काढलं नाही. इतकं सरळ होतं ते.

सुदाम रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळे उठून गेल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “सर, ताई इचारतीया, त्यो सूर नेमका कुठं हलतोय त्येवढं दावा. सुधारून घेतो म्हणती.” मग म्हणाला, “आपण दोघांनी मिळून एकदा ऐकूया का?”

मला त्याचाही संशय आला. वाटलं, हा मला पकडायला बघतोय. विज्ञानाचा माणूस, याला विजेचं सुचलं असेल का? मी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, फक्त काळजी होती. अजून वेळ होता. सकाळी ये म्हणालो असतो तर सगळं मिटलं असतं, माझं थोडं हसं झालं असतं, बास.

मी म्हणालो, “संध्याकाळी चला.”

दस्तगीर कुठल्याशा लग्नात कर्णे लावायला गेला होता, हे मला माहीत होतं. दुकानात त्याचे वडील होते, त्यांना ऐकू कमी यायचं. दिवा लाल होऊ लागला तसा मी सुदामला आत घेतलं. तबकडी लावली. तो लांब सूर आला, आणि डगमगला. त्या दिवशी तर जास्तच. सुदाम खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला दिव्याचं सुचलं नाही. स्वतःच्या बहिणीचा आवाज असा ऐकताना कुणाला दिव्याकडं बघायचं सुचेल? बाहेर आल्यावर म्हणाला, “तुमचं बरोबर हाय, सर. आमाला घरच्यांस्नी कळंना.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला आजही किळस वाटते.

त्यानं घरी जाऊन सांगितलं — मी माझ्या कानानं ऐकलं, ताई. मग काय राहिलं? उंब्रजमध्ये ज्यांच्या घरी ती तबकडी वाजायची त्यांना ती नीटच ऐकू यायची. पण शिकलेला भाऊ सांगतो, छापणारे सर सांगतात, त्यापुढं बायामाणसांच्या कानाला कोण विचारतो? रत्नमाला मिरजेच्या डॉक्टरांकडं गेली घसा दाखवायला. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे. तेव्हा तिनं धरलं, की दोष घशात नाही, आपल्यातच आहे. पुढच्या जयंतीला ती गायली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलं लहान आहेत असं सांगितलं जाऊ लागलं.

मी हे सगळं सुदामकडूनच ऐकायचो, चहा पिता पिता. सदर चालू होतं. मी आणखी बऱ्याच जणांच्या गाण्यांत खोट काढली. काहींच्यात ती होतीही.

काही वर्षांनी सुदामचं लग्न ठरलं. हळदीला मी उंब्रजला गेलो. दुपारची वेळ, दारात मांडव, बायका नवऱ्यामुलाला हळद लावत गाणी म्हणत होत्या. रत्नमाला त्यांच्यात होती. मी तिला प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. डोईवर पदर, हातात वाटी, सगळ्यांबरोबर गात होती, हळू, आवाज दाबून. गाण्यात एक ओळ आली जिच्या शेवटी सूर लांब धरायचा असतो. ती तिथं थांबली. ओठ मिटले, बाकीच्या बायकांनी तो सूर ओढला, आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा त्यांच्यात आली. पुन्हा तसंच. दर वेळी तिथंच.

नात्यातली एक तरणी सून म्हणाली, “आत्याबाई, म्हणा की वो. तुमी तर रेकॉर्डवाल्या.”

रत्नमाला हसली. मनापासून हसली, हे मी शपथेवर सांगतो, तिच्या त्या हसण्यात मी खूप शोधलं आणि मला काहीच सापडलं नाही. माझ्याकडं बघून तिला म्हणाली, “न्हाई गं बाई. लांब सूर माझा डगमगतोय. इचार सरांस्नी, त्यांनीच पैल्यांदा वळखलं. लोकांत हसं व्हण्याआधी सांगितलं, लय उपकार झालं.”

साऱ्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं. तीही पाहत होती, वाटी हातात धरून. मी मान हलवली. होय म्हणालो.