शिंदी नव्हे

वडील गेल्याच्या अकराव्या दिवशी काका कुऱ्हाड घेऊन आले. तेरवीचा मंडप अंगणात घालायचा होता आणि मधोमध वडिलांनी लावलेला सायकस उभा होता.

“दारात शिंदी ठिवतेत का कुठं?” काका म्हणाले. “सारं कंधार म्हनंल, मास्तर ताडी पीत हुते.”

खवल्यांचं खोड, डोक्यावर पानांचा झुबका. आमच्याकडे असं झाड दिसलं की ती शिंदीच. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना वडील आयुष्यभर हा समज मोडत राहिले. ‘अनावृतबीजी’ हा शब्द पोरांच्या तोंडी बसेना, म्हणून ते ‘उघड्या बियांची भावकी’ म्हणत. फूल नाही, फळ नाही, बी उघड्यावर. शिंदी फुलाफळांची, ज्वारीच्या बाजूची. सायकसचं जवळचं नातं चीनमधल्या गिंको वृक्षाशी, मग देवदार, पाइनशी. तोंडावळ्यावरून भावकी ठरवायची नाही, हे त्यांचं दर वर्षीचं वाक्य.

नीटम नावाच्या वेलीबाबत मात्र तेही चुकले होते. तिची रुंद पानं बघून जुन्या पुस्तकांनी तिला फुलझाडांजवळ बसवलं होतं. त्यांनी तेच शिकवलं. निवृत्तीनंतर जनुकांवरचं नवं काम वाचलं आणि वहीतला वंशवृक्ष खोडून त्यांनी ती वेल पाइनच्या शेजारी काढली. इतक्या पोरांना चुकीचं सांगितलं म्हणून दोन दिवस धड जेवले नाहीत.

“काका, ही शिंदी नाही. मी तोडू देणार नाही.”

“तू आता दुसऱ्या घरची, बाई. हितलं आमी बघतो.”

मोठ्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी खुर्ची आणून बुंध्याशी बसले, ती वही मांडीवर घेऊन.

“नीटमलाही लोक दुसऱ्या घरचीच म्हणत होते,” मी म्हटलं.

“कोन नीटम? कुनाची पोरगी?”

मी वही उघडली. उठले मात्र नाही. ऊन माथ्यावर आलं तेव्हा काका कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुटपुटत निघून गेले.

तेरवीला मंडप झाडाला वळसा घालून, वाकडा पडला. जेवायला बसलेल्या भावकीला सायकसची टोकदार पानं पाठीत टोचत होती. मी वाढत होते. कुणाचीही माफी मागितली नाही.