एकच स्वच्छ चाक

आमच्या थोरल्याचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. तो चाकं धुतो. गाडी धूत नाही हं, नुसती चाकं! मोठ्या रस्त्यावरच्या गॅरेजात त्या जमिनीला पोट टेकवून गुरगुरणाऱ्या स्पोर्ट्स कार येतात ना, त्यांची. बाकीची गाडी कुणीही पुसावी, चाकाजवळ मात्र हाच जाणार. तिथे त्याला सगळे ‘चाकवाले’ म्हणतात. सूनबाई रागावली की तीही तेच म्हणते.

मी पडलो गावच्या शाळेत शिकलेला माणूस. चाकाला वंगण घातलं की झालं, एवढीच माझी विद्या. एकदा त्याला म्हटलं, “अरे, चाकाचा चिखल धुवायला पगारी माणूस कशाला? पाऊस काय फुकट पडतो?” तर पठ्ठ्या मला गॅरेजात घेऊन गेला आणि स्टुलावर बसवून सगळं दाखवलं. ही गाडी पळते जोरात, तशी थांबतेही जोरात. थांबताना ब्रेक झिजतो, त्याची काळी भुकटी उडते आणि तापलेल्या चाकावर भाजल्यासारखी चिकटून बसते. तो आधी चाकाला हाताची पाठ लावून बघतो, तापातल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. गार झालं की औषध फवारतो. त्या औषधाला लोखंडाचा कण भेटला की ते जांभळं होतं. चाकावरून जांभळे ओघळ सुटले तेव्हा मी स्टुलावरून उठलोच! मग लांब दांड्याचा मऊ ब्रश आत घालून तो चाकाची पाठ धुतो, जी जन्मात कुणाला दिसत नाही. चाकाचा फडका गाडीच्या अंगाला लागला तर ओरखडे पडतात, म्हणून त्याची बादली वेगळी, फडके वेगळे. घरात त्याचा टॉवेलही वेगळा आहे, पण तो सूनबाईचा कायदा.

“आणि बाबा,” तो म्हणाला, “मळलेल्या चाकाला मी भीत नाही. धूळ आहे म्हणजे ब्रेक धरतोय. तीन चाकं काळी आणि एक स्वच्छ दिसलं ना, की त्याला भितो. त्या चाकाचा ब्रेक झोपलेला असतो.”

आता मूळ गोष्ट. आमच्या नातीने, म्हणजे थोरल्याच्या लेकीने, आपल्या ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. मुलगा गुणी, त्याची आईही राजी. अडून बसले होते ते वडील. त्यांचं फर्निचरचं दुकान, आणि जीव सगळा एका जुन्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये. गाडीला टेकून उभा राहिला म्हणून सख्ख्या भावाशी वर्षभर अबोला धरलेला माणूस! दोघा पोरांनी ठरवलं होतं की दोन्ही घरं मनापासून हो म्हणतील तरच लग्न. तेव्हा ते आईवडील आमच्याकडे यायचे ठरल्यावर नातीने बापाला समोर बसवलं.

“पप्पा, उद्या चाकांबद्दल एक अक्षर नाही.”

“बरं.”

“खाली वाकून बघायचंही नाही.”

“अगं, समोर आलं तर?”

“तर डोळे मिटा!”

दुपारी मंडळी आली. मुलगा मागून बसने आला, कारण त्या गाडीत दोघांचीच जागा. चहा झाला, गप्पा रंगल्या. फर्निचरवाल्यांनी आमच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय कागदाची घडी घालून स्थिर केला, मी त्यांना माझ्या मास्तरांच्या दोन गोष्टी सांगितल्या. सूनबाईने डोळ्यांनी दटावलं म्हणून तिसरी राहिली. ते चक्क हसत होते. थोरला मात्र खिडकीशी बसून अंगावर मुंग्या चढल्यासारखा चुळबुळ करत होता.

“निघतो आता,” फर्निचरवाले उठले. “अंधाराच्या आत उतार उतरलेला बरा. सगळा रस्ता खालीच जातो.”

उतार हा शब्द ऐकला आणि थोरला दाराबाहेर. आम्ही पोचतो तो हा रस्त्यावर गुडघे टेकून दाराकडच्या पुढच्या चाकात कोपरापर्यंत हात घालून बसलेला! बाकीची तीन चाकं तव्याच्या बुडासारखी काळी, आणि हे आरशासारखं.

“आतूनसुद्धा स्वच्छ आहे,” तो पुटपुटला. चेहरा पांढरा पडलेला. “साहेब, ही गाडी नेऊ नका. या चाकाचा ब्रेक धरत नाही.”

“माझ्या गाडीत खोट काढता?” फर्निचरवाल्यांचा आवाज चढला. “आताच तर घेऊन आलो!”

“येताना चढ होता. आता उतार आहे.”

“बाजूला व्हा.”

“पप्पा!” नात पायरीवरून ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं आणि गाडीच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला.

“सोयरीक मोडली तरी चालेल. पोर जन्मभर माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. पण तुम्हा दोघांना यातून खाली जाऊ देणार नाही.”

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मुलाचा तर पुतळा झाला होता. तेवढ्यात त्याची आई पर्समागे तोंड लपवून म्हणाली, “अहो, ब्रेक चांगला आहे. ते चाक मी धुतलं.”

“तू?” फर्निचरवाले गर्रकन वळले. “माझ्या गाडीला हात लावलास?”

“मग काय करू? चाकवाल्यांच्या घरी ही काजळी घेऊन यायचं? तुम्ही घोरत होतात तेव्हा बसले धुवायला. एका चाकातच सकाळ गेली. म्हटलं, निदान दाराकडचं तरी चांगलं दिसू दे!”

थोरल्याचा जीव भांड्यात पडला, पण डोकं चाकातच. “वहिनी, पण मागची बाजू? तिथे हात कसा पोचला?”

“बाटल्या धुवायच्या ब्रशने.”

“वा!” तो इतक्या मनापासून म्हणाला की मलाच हसू आलं.

 फर्निचरवाले खाली वाकून त्या चाकाकडे बघत राहिले. “हे रुपेरी आहे?” ते हळूच म्हणाले. “मी तर समजत होतो चाकं काळीच आहेत. मला विकणाऱ्यानेही काळीच सांगितली होती.”

सूनबाई पदरात तोंड खुपसून आत पळाली. मला ते जमलं नाही, मी तिथेच हसलो. माझं बघून गल्ली हसली, आणि शेवटी ते स्वतः. मग त्यांनी कोट काढून लेकाच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि थोरल्याच्या शेजारी रस्त्यावर बैठक मारली.

“उरलेल्या तिन्हीतही असंच निघेल?”

“निघेल की. पण आधी हात लावून बघा, गार आहे ना.”

त्यांनी लावला. थोरल्याने घरातून आपली बादली, ब्रश आणि औषध आणून फवारलं. औषधाचे जांभळे ओघळ सुटले तसे ते माझ्यासारखेच दचकले. थोरला ब्रश कसा फिरवायचा ते सांगू लागला. माझी नात अजून पायरीवरच होती, श्वास धरून.

“छे, हे खाचेतलं काही सुटत नाही,” फर्निचरवाले वर न बघता म्हणाले. “व्याहीबुवा, तो बारका ब्रश द्या बघू.”

थोरला ब्रश शोधायला लागला. ते काय म्हणाले हे त्याच्या लक्षातही आलं नाही. नातीच्या मात्र आलं.